ठेव आणि परतावा

एखादा ज्येष्ठ लेखक किंवा संशोधक वारला, की शोकसभेच्या अखेरीस त्याच्या अप्रकाशित साहित्याचे काय, असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एक ट्रंक असे, फार तर एक कपाट. हल्ली घरातले कोणीतरी, बहुधा परदेशी असलेला मुलगा, शांतपणे सांगतो, की काळजी नसावी, सगळे क्लाउडवर आहे. सभा सुटकेचा निःश्वास टाकते. संपादक मान डोलावतात, विभागप्रमुख कृतज्ञता व्यक्त करतात आणि विषय तिथेच मिटतो. माझे भांडण त्या मुलाशी नाही. तो बिचारा खरेच बोलत असतो. माझे भांडण सभेच्या त्या निःश्वासाशी आहे. कारण त्या सभेत बसलेली माणसे पाठचिकित्सा शिकवणारी, हस्तलिखितांच्या परंपरा उलगडून सांगणारी, प्रत आणि पाठ यांतला भेद विद्यार्थ्यांना परीक्षेत विचारणारी असतात. ‘आहे’ आणि ‘परत मिळेल’ यांतले अंतर निदान त्यांनी तरी विसरायला नको होते.

मराठी माणूस ठेवीच्या बाबतीत एरवी सावध असतो. पतसंस्थेत दहा हजार रुपये ठेवताना तो मुदत विचारतो, व्याज विचारतो, मुदतीआधी मोडली तर किती कापणार ते विचारतो, वारस म्हणून कोणाचे नाव लावायचे ते विचारतो. एवढे करूनही एखादी पतसंस्था बुडतेच. तोच माणूस आयुष्यभराची ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि टिपणे दूरच्या कुठल्याशा विदागारात ठेवताना मात्र एवढेच विचारतो, की फुकट जागा किती. (‘डेटा’ला ‘विदा’ म्हणणे पुष्कळांना अजून खटकते. मला तो शब्द आवडतो. निदान त्यात विद्येची आठवण तरी आहे.) परत कसे मिळेल, किती दिवसांत मिळेल, कोणत्या रूपात मिळेल आणि मी नसताना कोणाला मिळेल, हे विचारण्याची आपल्याला सवयच नाही. ऑनलाइन बॅकअप या गोष्टीचे सगळे मर्म मात्र या न विचारलेल्या प्रश्नांत आहे. जे परत आणून, उघडून, वाचून पाहिलेले नाही, त्याला मी जतन झालेले म्हणायला तयार नाही.

आधी साधा हिशेब मांडू. एक लाख शब्दांची मराठी कादंबरी युनिकोडमध्ये टंकलेली असेल तर दोन मेगाबाइटच्या आसपास भरते. ज्याने आयुष्यभर केवळ अक्षरे लिहिली, त्याचे समग्र वाङ्मय नखाएवढ्या कार्डावर मावते आणि काही क्षणांत परत मिळते. त्याला हा लेख वाचण्याची फारशी गरज नाही, एक अपवाद वगळता, ज्याकडे मी पुढे येतो. परंतु आजचा साहित्याचा अभ्यासक नुसती अक्षरे साठवत नाही. तो कीर्तने ध्वनिमुद्रित करतो, बाडांची पानन्‌पान छायाचित्रे काढतो, दुर्मिळ मासिकांचे अंक स्कॅन करतो, मुलाखतींचे चित्रीकरण करतो. पाहता पाहता हा ऐवज टेराबाइटमध्ये जातो. एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. सेकंदाला दहा मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून तो उतरवायचा, तर जोडणी एकदाही न तुटता, वीज एकदाही न जाता, घरातल्या कोणीही मध्ये एखादा चित्रपट न पाहता सव्वानऊ दिवस लागतात. शंभर मेगाबिटवर बावीस तास. मोबाइलच्या दररोज दोन गिगाबाइटच्या योजनेवर, जी तालुक्याच्या गावी अनेक शिक्षकांची एकमेव जोडणी असते, पाचशे दिवस.

हा हिशेब कोणाला ठाऊक नसतो असे नाही. पण ठेवताना तो जाणवत नाही. ठेवताना सगळे थेंबे थेंबे जाते: आज चाळीस छायाचित्रे, उद्या एक मुलाखत, रात्री आपण झोपलेले असताना आणखी काही. सात-आठ वर्षांत तळे साचते. परत घेण्याची वेळ मात्र थेंबाथेंबाने येत नाही. ती येते तेव्हा संगणकाची डिस्क मेलेली असते, किंवा घरात पाणी शिरलेले असते, किंवा माणूसच गेलेला असतो. आणि त्या वेळी सगळे तळे एकाच नळीतून उपसायचे असते. या धंद्यातल्या लोकांना हे पक्के माहीत आहे. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी मोठा साठा परत हवा असेल तर तो हार्ड डिस्कवर भरून टपालाने घरी पाठवण्याची सोय देत आली आहे. ॲमेझॉनने २०१६ साली तर एक अख्खा मालट्रक आणला होता, ‘स्नोमोबाइल’ नावाचा: पंचेचाळीस फुटी कंटेनर, त्यात शंभर पेटाबाइट मावत. २०२४ पर्यंत तो सेवेतून निघालाही. ढगांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनाही प्रसंग पडला की शेवटी चाके लागतात, हे मला मोठे सूचक वाटते. त्यातही हा ट्रक प्रामुख्याने माल आत नेण्यासाठी होता.

आत नेण्याकडे सगळ्यांचे लक्ष, यात नवल नाही. मोठ्या विदागारांच्या दरपत्रकात आत येणाऱ्या विद्याला साधारणपणे शुल्क नसते; बाहेर जाणाऱ्याला गिगाबाइटमागे असते. ॲमेझॉनची ‘ग्लेशिअर’ ही अतिस्वस्त साठवण २०१२ साली सुरू झाली. नाव अगदी समर्पक आहे, कारण हिमनदीतून वस्तू काढायला वेळ लागतो: तिच्या सर्वांत स्वस्त प्रकारात आपली फाइल नुसती उपलब्ध व्हायलाच बारा ते अठ्ठेचाळीस तास लागू शकतात, उतरवण्याचा वेळ वेगळा. यात फसवणूक काहीच नाही. सगळे अटींत लिहिलेले असते. व्यापारी त्याचा धंदा करतो आणि तो स्वस्तात का देतो हे तो लपवतही नाही. प्रश्न ग्राहकाचा आहे. ‘साठवण’ या शब्दात ‘परतावा’ गृहीत धरण्याची सूट त्याला कोणी दिली?

आणि दुकान बंद होते त्याचे काय? क्रॅशप्लॅन ही घरगुती ग्राहकांची आवडती बॅकअप सेवा होती; ऑगस्ट २०१७ मध्ये तिच्या चालकांनी घरगुती विभाग बंद करत असल्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तो बंद झाला. वर्षभराची मुदत मिळाली, म्हणजे सभ्यपणाने वागले असेच म्हणायचे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, तेव्हाही आपापले साहित्य उतरवून घेण्यासाठी नंतर दोन वर्षे दिली होती. मराठीत कविता, गझल आणि समीक्षा यांवर तिथे जेवढी हमरीतुमरी झाली तेवढी पुढे क्वचितच कुठे झाली असेल. त्या काळातल्या वादांवर आज कोणी प्रबंध लिहायला घेतला तर त्याला आठवणींखेरीज फारसे काही मिळणार नाही. दार दोन वर्षे उघडे होते; आपल्यापैकी किती जण आत जाऊन आपले सामान घेऊन आले? याहू ग्रुप्सचेही तसेच: २०१९ च्या अखेरीस जुना मजकूर काढून टाकण्याची घोषणा, १५ डिसेंबर २०२० ला सेवाच बंद. मायस्पेसने तर २०१९ मध्ये कबूल केले, की सर्व्हर बदलताना २०१५ पूर्वीचे संगीत नष्ट झाले. सुमारे पाच कोटी गाण्यांचा आकडा त्या वेळी सांगितला गेला. तिथे उतरवून घ्यायला मुदतही नव्हती, कारण उतरवायला काही उरलेच नव्हते.

आता परत मिळाले असे धरू. जे परत मिळते ते काय असते?

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी वीस वर्षे मराठवाड्यात हिंडून भारुडे, गोंधळ आणि जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, शेकडो बाडांची छायाचित्रे काढली. सुमारे नऊशे गिगाबाइट ऐवज. डिस्क गेली तेव्हा ते अजिबात डगमगले नाहीत, कारण सगळे एका ऑनलाइन सेवेत होते. सोळा मेगाबिटच्या जोडणीवर हे काम कागदावर पाच दिवसांचे होते. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले. सेवेने साठा दोन-दोन गिगाबाइटच्या साडेचारशे गठ्ठ्यांत बांधून दिला आणि प्रत्येक गठ्ठ्याचा दुवा सात दिवसांनी बाद होणारा. म्हणजे गठ्ठे पुन्हा बांधायला सांगायचे, पुन्हा वाट पाहायची. मधेच जोडणी तुटली की चालू गठ्ठा पहिल्यापासून. सगळे गठ्ठे सोडवल्यावर लक्षात आले, की छायाचित्रांवरच्या तारखा त्याच आठवड्याच्या झाल्या आहेत. मूळ तारखा प्रत्येक चित्राशेजारी एका वेगळ्या छोट्या फाइलीत आहेत आणि त्या पुन्हा चित्रात घालायच्या तर त्यासाठी कोणाकडून तरी प्रोग्रॅम लिहून घ्यावा लागेल. घडी (म्हणजे फोल्डर, हा प्रतिशब्द मात्र मी उगीच वापरतो आहे असे वाटते) मोडून एकाच बाडाची पाने तीन-तीन गठ्ठ्यांत विखुरलेली. लांबलचक देवनागरी नावांच्या काही फाइलींची नावे मधेच तुटलेली. याचे कारण गमतीचे आहे: अनेक संगणकप्रणालींत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षर एका बाइटात बसते. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा. म्हणजे आपल्या वाट्याला पंच्याऐंशी चिन्हे. गायिकेचे नाव, गाव, तालुका, तारीख, ओवीचा विषय हे सगळे फाइलच्या नावातच लिहिण्याची त्यांची पद्धत होती. वेगळी सूची नव्हती.

सेवेच्या दृष्टीने विचाराल तर पुनःप्राप्ती शंभर टक्के यशस्वी. एक बाइटही हरवला नव्हता. हरवले होते ते कोणती ओवी कोणाच्या तोंडची, हे. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला यानंतर उरते काय, हे मी या वाचकांना सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या पुढाकाराने जमलेला एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आज अभ्यासता येतो, तो केवळ ओव्या जपल्या म्हणून नाही. ओवीला गायिका आहे, गाव आहे, वर्गीकरण आहे. सूची हा संग्रहाचा दागिना असतो, फावल्या वेळी घडवायचा, असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. सूचीविना संग्रह परत येतो तो ढिगारा म्हणून.

आता तो अपवाद, केवळ अक्षरे लिहिणाऱ्यांचा. साधारण २००५-०६ पर्यंत, आणि मुद्रणव्यवसायात त्यानंतरही बराच काळ, मराठी मजकूर संगणकावर टंकला जाई तो श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा निरनिराळ्या सॉफ्टवेअरच्या फाँटांत. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी पायाभूत काम केले आणि १९९१ साली इस्की हे प्रमाणसंकेतन भारतीय मानक म्हणून आले; पण बाजारात चालले ते ज्याचे त्याचे फाँट. त्यांत ‘क’च्या जागी प्रत्यक्षात साठवलेले असे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह. फाँट आहे तोवर पडद्यावर ‘क’ दिसे. फाँट गेला की उरते निव्वळ गचाळ चिन्हांची रांग. किती मराठी कादंबऱ्यांच्या, वैचारिक ग्रंथांच्या, दिवाळी अंकांच्या मुद्रणप्रती अशा पेजमेकरच्या फाइलींत अडकल्या आहेत याची मोजदाद कोणी केलेली नाही. त्या फाइली क्लाउडवर चढवल्या की शेवटच्या बाइटपर्यंत सुरक्षित राहतील. पंधरा वर्षांनी शेवटच्या बाइटपर्यंत परत येतील. आणि कोणालाही वाचता येणार नाहीत. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांतही जुन्या फाँटांतली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली आणि युनिकोडमध्ये नंतर, रफार जुन्यात नंतर आणि युनिकोडमध्ये आधी. ‘वर्ष’चे ‘वषर्’ आणि ‘धर्म’चा ‘धमर्’ झालेला मजकूर एके काळी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर आपण सर्वांनी वाचला आहे. बातमीत ते चालून गेले. कवितेत कसे चालेल? नव्वदोत्तरी कवितेच्या मुद्रणप्रतींची पाठनिश्चिती उद्या कोणी करू लागला तर हा रफार लेखनिकाच्या हस्तदोषाइतकाच महत्त्वाचा ठरेल.

इथे आपल्या परंपरेचा दाखला देण्याचा मोह मी आवरत नाही, कारण तो शोभेसाठी नाही. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभी धाडीत गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना जे मुखोद्गत होते त्यावरून ते पुन्हा सिद्ध करण्यात आले. हिराइसेच्या स्मरणावर आधारलेला पाठ वेगळा, इतरांचे वेगळे. आजवर अभ्यासक त्या पाठभेदांशी झुंजत आहेत. हीसुद्धा एका मोठ्या ऐवजाची पुनःप्राप्तीच होती, आणि ती जमली कारण ते स्मरण वापरातले होते: रोज म्हटले जात होते, एकमेकांपाशी ताडून पाहिले जात होते. पुढे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला. ज्ञानेश्वरी त्या वेळी ‘उपलब्ध’ नव्हती असे थोडेच? घरोघर होती. एकनाथांना पडलेला प्रश्न असा, की जे आहे ते तेच आहे का. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी १९१९ पासून १९६६ पर्यंत हाच प्रश्न विचारला. आपल्या विद्याशाखेची सर्वांत मोठी कमाई कोणती म्हणाल तर प्रत हाती आल्यावर तिच्यावर लगेच विश्वास न ठेवण्याची ही शिस्त. हार्ड डिस्क आणि पासवर्ड यांची गाठ पडली की तीच शिस्त आपण तंत्रज्ञांच्या हवाली करून मोकळे होतो. तंत्रज्ञ बाइट मोजेल. रफार कोठे गेला ते त्याने का पाहावे?

यावर तीन उत्तरे मला नेहमी ऐकवली जातात. पहिले, की कागदही जळतो आणि वाळवीही लागते. हे उत्तर नव्हेच. कागद जळतो म्हणून तर आपण प्रती करतो, आणि क्लाउड ही एक प्रत आहे. एकमेव प्रत झाली की तीही ट्रंकच, फक्त तिची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. दुसरे उत्तर, की एवढ्या मोठ्या कंपन्यांचे अभियंते आपल्यापेक्षा काळजीपूर्वक काम करतात. करतात, निःसंशय. तरी ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा विदा पुसला गेला, तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की बॅकअपच्या त्यांच्या पाचांपैकी एकही व्यवस्था भरवशाची नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावले. कंपनीने हे सगळे स्वतःच जाहीरपणे लिहिले. आपल्याकडच्या किती संस्था असे लिहितील? २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात डेजॉन येथील सरकारी विदागाराला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांना आपली कामाची कागदपत्रे ज्या सामायिक साठवणीत ठेवायला सांगितले होते, ती ८५८ टेराबाइटची ‘जी-ड्राइव्ह’ जळाली, आणि तिची दुसरीकडे प्रत नव्हती. कारण असे सांगितले गेले, की ती फार मोठी होती. याच्या उलट, मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरील खातेच चुकून पुसले गेले, तेव्हा निधी वाचला तो त्याने दुसऱ्या एका पुरवठादाराकडेही प्रत ठेवली होती म्हणून. सहा लाखांवर सभासदांना काही दिवस खाते पाहता आले नाही, एवढ्यावर भागले.

तिसरे उत्तर आपल्या वर्तुळातले, आणि म्हणून अधिक धोक्याचे. ते देणारे मंद स्मित करून विचारतात, की सगळे जपायचेच कशाला? विस्मृती हीही संस्कृतीची गरज नाही का? नऊशे गिगाबाइट छायाचित्रांतून साहित्याचे काय भले होणार? ऐकायला हे फार परिपक्व वाटते. पण विस्मृती आणि निवड यांत फरक आहे. काय ठेवावे आणि काय टाकावे हे ठरवणे समीक्षकाचे कामच आहे, त्याबद्दल माझे दुमत नाही; मात्र निवडण्यासाठी ऐवज आधी हातात यावा लागतो, उघडावा लागतो, त्यावर नाव असावे लागते. बाद झालेला दुवा, विसरलेला पासवर्ड आणि हरवलेला फाँट यांनी केलेल्या निवडीला अभिरुची म्हणण्याइतका मी उदार नाही. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले, की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकली जाऊ शकतात. दोन वर्षे खाते न वापरणाऱ्यांत सर्वांत मोठा वर्ग मृतांचा असणार हे उघड आहे. लेखकाच्या वाङ्मयाचे मूल्यमापन मृत्यूनंतर शांतपणे व्हावे, असे आपण म्हणत आलो. इथे त्या शांततेला दोन वर्षांची मुदत आहे.

कायद्याकडून काही आशा? आपला डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा आहे. त्यात वारसदार नेमण्याचा हक्क आहे, ही चांगली गोष्ट. पण युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत आपला विदा यंत्राला वाचता येईल अशा रूपात उचलून दुसरीकडे नेण्याचा जो हक्क आहे, तो आपल्या कायद्यात नाही. २०१९ च्या विधेयकात होता, नंतर गळला. आपल्याला मिळतो तो आपल्या वैयक्तिक विद्याचा सारांश मागण्याचा हक्क. साहित्याच्या माणसाला सारांश देऊन वाटेला लावण्याची कल्पना ज्या कोणाला सुचली असेल, त्याने मराठी शाळांत मार्गदर्शके वाचूनच परीक्षा दिल्या असाव्यात.

परदेशातले सगळे वाखाणण्याची मला हौस नाही, पण अटलांटाच्या एमरी विद्यापीठाचे एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. सलमान रश्दी यांची कागदपत्रे या विद्यापीठाने २००६ साली मिळवली. त्यांत त्यांचे जुने ॲपल संगणकही होते. ग्रंथपालांनी फाइली उतरवून कुलपात ठेवल्या नाहीत. त्यांतल्या एका मॅकिंटॉशची हुबेहूब चालती प्रतिकृती नव्या यंत्रावर उभी केली आणि २०१० मध्ये ती अभ्यासकांना खुली केली. लेखकाने ज्या पडद्यावर, ज्या सॉफ्टवेअरमध्ये, ज्या घड्यांत आपली कच्ची लेखने ठेवली होती, ती तशीच अभ्यासकाला उघडता येतात. पुनःप्राप्ती शब्दाला काही अर्थ असेल तर तो हा आहे. खर्च झाला असेल, माणसे लागली असतील. पण त्यासाठी आधी कोणाला तरी असे वाटावे लागले, की हे ग्रंथपालाचे आणि साहित्याभ्यासकाचे काम आहे, संगणक-विभागाच्या तक्रारवहीतली नोंद नव्हे.

आपल्याकडे एवढे होईपर्यंत जे फुकटात करता येते तेवढे तरी व्हावे. ज्याच्याकडे मोठा ऐवज आहे त्याने त्याची एक प्रत दुसऱ्या गावी दुसऱ्याच्या घरी डिस्कवर ठेवावी; सूची साध्या युनिकोड मजकुरात करून तिची कागदावर छापील प्रत काढावी; जुन्या फाँटांतले लेखन, ते फाँट ओळखणारा डीटीपीवाला हयात आणि धंद्यात आहे तोवर, युनिकोडमध्ये आणून मूळ छापील पानाशी ताडून घ्यावे. आणि वर्षातून एकदा, दिवाळीची साफसफाई करतो त्या सुमारास, ऑनलाइन साठ्यातले काहीतरी, मधले कुठलेही, दुसऱ्याच्या संगणकावर उतरवून उघडून पाहावे. पासवर्ड कोणाला माहीत आहे, हेही त्याच वेळी कळते.

मराठी विभागांकडे मात्र माझी वेगळी मागणी आहे. क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांवर आधारलेले प्रबंध आपण दरवर्षी स्वीकारतो. परिशिष्टात ‘मूळ ध्वनिमुद्रणे संशोधकाकडे सुरक्षित’ असे एक वाक्य असते आणि त्याखाली मार्गदर्शकाची सही. यापुढे मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकाने प्रबंधातली कोणतीही एक तळटीप निवडावी आणि त्या तळटिपेतले ध्वनिमुद्रण संशोधकाने स्वतःच्या बॅकअपमधून, विभागाच्या संगणकावर, सर्वांसमक्ष उतरवून ऐकवावे. गायिका कोण, गाव कोणते, तारीख काय, हे सूचीवरून सांगावे. विभागाची जोडणी धीमी असेल तर चहा दोनदा मागवावा लागेल.